काळ्या ज्वारीचा हिशेब



मोंढ्यात ज्वारीची वकल लागली की व्यापारी पोत्यात हात घालतो. मूठभर दाणे काढतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि परत ढिगावर टाकून देतो. तोंडाने दोनच शब्द बोलतो, "काळी आहे." त्या दोन शब्दांत आपल्या चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागतो. काळी म्हणजे किती काळी, आणि किती काळीला किती कमी भाव, याचा नियम त्याच्या मुठीत आहे. एका अडतीवर एक भाव निघतो, दुसऱ्या अडतीवर दुसरा. दुपार उलटली, पोती गाडीत भरून परत न्यायची वेळ आली, की भाव आणखी खाली येतो. आपण गाडीभाड्याचा विचार करतो आणि मान हलवतो.

घरी आल्यावर म्हणायला एक वाक्य तयार असते, "पावसाने मारले." तलाठीही तेच म्हणतो, पुढारीही तेच म्हणतो. पाऊस काही कोर्टात येऊन जबाब देत नाही. तेव्हा सगळा दोष त्याच्या नावावर टाकणे सगळ्यांनाच सोयीचे असते.

आमचे म्हणणे असे की यातला अर्धाच दोष पावसाचा आहे. बुरशी पावसाने येते हे खरे. पण बुरशीचा तोटा कुणाच्या खात्यात टाकायचा, हे पाऊस ठरवत नाही. ते माणसांनी ठरवले आहे. शिवाय या हिशेबात एक खाते असे आहे की त्याबद्दल आपण आपल्याच घरातही बोलत नाही. तेही आज काढायचे आहे.

बुरशी येते कुठून?

बुरशीचे बी हवेत असते, मातीत असते, मागच्या वर्षीच्या धसकटात असते. फ्युजारियम, कर्व्हुलेरिया, अल्टरनेरिया अशी तिची शास्त्रातली नावे. कुणी दाण्यावर गुलाबी झाक आणते, कुणी काळी. ज्वारी निसवून फुलोऱ्यात आली आणि तिथपासून दाणा भरेपर्यंत कणीस ओलेच राहिले, तर ती दाण्यात शिरते. आपल्याला काळेपणा दिसतो तो नंतर. शिरकाव फुलोऱ्यातच झालेला असतो. असा दाणा हलका भरतो, आणि बी म्हणून पेरला तर उगवण मार खाते. दुसरा प्रकार म्हणजे दाणा पक्का झाल्यावर पाऊस लागला आणि वरची साल डागाळली. आत दाणा बऱ्यापैकी ठणठणीत असू शकतो. शास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. मोंढ्यात दोन्हींना एकच नाव, एकच भाव.

आपल्या आजोबांच्या शिवारात ही एवढी तक्रार नव्हती. ते काही आपल्यापेक्षा फार हुशार होते म्हणून नव्हे. त्यांची खरिपाची गावरान ज्वारी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय निसवतच नसे. पेरा जूनमध्ये करा की जुलैत करा, ती आपली पाऊस सरत आल्यावर कणीस बाहेर काढायची आणि कोरड्या हवेत दाणा भरायची. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी चांगली कणसे निवडून बियाण्याला टांगून ठेवली, त्यातून ज्वारीला हे वेळेचे भान आले होते. दाणा कमी यायचा, पण मोत्यासारखा यायचा, आणि कडबा पुरुषभर उंच.

१९६४ साली सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. त्याच्या मागोमाग सीएसएच-५, सीएसएच-९ आले. ही ज्वारी दिवसाच्या लांबीकडे बघत बसत नाही. शंभर-एकशे दहा दिवस झाले की तयार. जूनच्या शेवटी पेरली तर सप्टेंबरात दाणा भरते. आणि सप्टेंबरात काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आम्ही हायब्रीडला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हायब्रीडची किंमत ठाऊक आहे. पाऊस लवकर गेला तरी दाणा हाती येतो, एकरी उतारा गावरानच्या कितीतरी वर जातो. पोट भरले ते हिनेच. पण हिशेब कसा मांडला गेला ते पाहा. क्विंटल वाढले ते देशाच्या खात्यात जमा झाले. रंग गेला, भाव गेला, तो खर्च शेतकऱ्याच्या खात्यात पडला. बियाण्याच्या पिशवीवर उतारा छापला जातो. सप्टेंबरात भिजली तर किती भाव जाईल, ते छापले जात नाही.

बुरशीला तोंड देणारी ज्वारी करता येत नाही असेही नाही. दाणा कठीण असला, कणीस मोकळे असले, दाण्यावरचे बोंड लांब असले तर बुरशी कमी लागते. लाल दाण्याच्या काही वाणांत टॅनिन असते, त्यांना तर बुरशी फारच कमी लागते. पण लाल ज्वारीची भाकरी तुरट लागते आणि बाजाराला पांढरीच हवी. सीएसएच-१६ सारखी काही वाणे जुन्यापेक्षा बरी टिकतात. मात्र पंधरा दिवस झड लागली तर त्यांचाही इलाज चालत नाही.

म्हणून शेवटी शेतकऱ्याने आपला इलाज आपण केला. खरिपाची ज्वारी सोडली आणि सोयाबीन धरले. रानडुकरे, पाखरे, मजुरी ही कारणे आहेतच. पण काळी पडून मातीमोल होणारे पीक कुणी किती वर्षे पेरावे? रब्बीची मालदांडी तेवढी टिकली. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली ही ज्वारी माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा पांढरा आणि भाव वर. २०२३ साली सगळ्या जगाने भरड धान्याचे वर्ष साजरे केले. शहरात ज्वारीच्या पदार्थांची प्रदर्शने भरली. त्यात काळ्या ज्वारीचे पोते कुठे ठेवलेले आमच्या ऐकण्यात आले नाही.

प्रत्येक काळेपण बुरशीच्या पावसाचे नाही

सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हाताकडे पाहू.

काणी हा वेगळा रोग आहे. दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी तयार होते. दाणे काणीचे बीज बियाण्याला चिकटून येते, म्हणजे ती आपणच पेरतो. जुनी माणसे मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवून पेरत. आज किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळली की काम भागते. एकरी खर्च चहापाण्याएवढा. तरीही घरचे बी पेरणाऱ्याच्या शेतात काणी दिसते, तेव्हा दोष ना पावसाचा ना सरकारचा. ज्याने गंधक चोळले नाही, त्याने काणीबद्दल सभेत तक्रार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिकटा आणखी वेगळा. फुलोऱ्यात ढगाळ, गार, ओली हवा असली आणि फुलांना पराग वेळेवर मिळाला नाही, की कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो. त्यावर मागाहून काळी बुरशी वाढते आणि कणीस काजळी धरल्यासारखे दिसते. पेरणी लांबली की हा रोग जास्त. गावात सगळ्यांचा पेरा एकाच आठवड्यात झाला तर पराग पुरतो आणि चिकटा कमी होतो.

रब्बीतला खडखड्या तर पावसाने नव्हे, पावसाच्या अभावाने येतो. दाणा भरताना ओल तुटली की बुरशी ताटाच्या बुडाशी शिरते, ताट आतून पोकळ होते आणि पीक लोळते. त्याला औषध फवारून उपयोग नाही. ओल टिकवणे हाच इलाज.

कापसाचेही असेच आहे. पानाच्या खालून दही शिंपडल्यासारखे पांढरे डाग दिसले तर तो दहिया. पूर्वी तो गावरान कापसाचा रोग समजला जाई. आता अमेरिकन संकरित वाणांवरही येतो. लांब उघडीपीनंतर मोठा पाऊस झाला आणि उभी झाडे एका दिवसात माना टाकू लागली, तर ती आकस्मिक मर. ती बुरशीची मर नव्हे, मुळांना हवा न मिळाल्याची आहे. तिथे पहिले काम पाणी काढून देण्याचे. बोंडसडीतही दोन प्रकार आहेत. बोंड वरून बुरसते ती बुरशी. बोंड वरून हिरवे आणि आत कपाशी पिवळी-तपकिरी सडलेली, ते बहुतेक वेळा जिवाणूंचे काम. त्यांना वाट करून देतात रस शोषणारे ढेकूण. या दोन्हींचे औषध एक नाही. पण कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण म्हणतो, "बोंड सडतात, काहीतरी द्या." मग काहीतरीच मिळते. तीन बाटल्या एकत्र करून दिल्या जातात, आणि खर्च झाला म्हणजे इलाज झाला असे समजून आपण घरी येतो. वेचणीच्या वेळी निघते ती कवडी. तिचा भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

फवारणीआधी सडलेली पाच बोंडे चिरून आत पाहावे. एवढे केले तरी निम्मा खर्च वाचतो.

आपल्या ताटातली ज्वारी

आता ज्या खात्याबद्दल आपण बोलत नाही, ते काढू.

खळ्यावर ज्वारी उफणून झाली की मायबहिणी दोन ढीग लावतात. पांढरा ढीग बाजाराला. काळा ढीग घरी. घरच्या काळ्यातही पुन्हा वाटणी होते. थोडा बरा दाणा जात्यात किंवा गिरणीत. त्याहून वाईट सालगड्याला, मजुरीत धान्य घेणाऱ्या बाईला. अगदीच वाईट गाई-म्हशीला आणि कोंबड्यांना. बाजाराने जे नाकारले ते आपण आपल्या लेकरांच्या ताटात वाढतो, आणि त्याला काटकसर म्हणतो. आम्हीही आमच्या घरांत हेच केले आहे. दुसऱ्याला शिकवायला हे लिहीत नाही.

बुरशी लागलेले धान्य म्हणजे विष, असे सरसकट म्हणणे खोटे आहे. डागाळलेली ज्वारी पिढ्यान् पिढ्या लोकांनी खाल्ली आणि ते जगले. पण काही बुरश्या दाण्यात विष तयार करतात, आणि ते रंगावरून ओळखता येत नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसलेला मका खाण्यात आला. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले आणि शंभरावर माणसे दगावली. १९९५ साली आपल्याच दख्खनच्या पठारावर, आपल्या सीमेपलीकडच्या गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या घरांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. सत्तावीस गावे निघाली. ज्या घरांत भिजलेले धान्य खाल्ले त्याच घरांत आजार होता. त्या धान्यात फ्युजारियम बुरशी आणि तिचे फ्युमोनिसिन नावाचे विष सापडले.

आणखी एक गोष्ट मायबहिणींना मुद्दाम सांगायची आहे. हे विष धुऊन जात नाही, उन्हात वाळवून जात नाही, तव्यावर भाजूनही जात नाही. वाळवण्याने बुरशीची पुढची वाढ थांबते, आधी तयार झालेले विष राहते. दुभत्या जनावराला बुरसलेला दाणा घातला तर अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो. म्हणजे जनावराला घातले म्हणून सुटलो, असे नाही. ते वाटीतून परत येते.

पेव उघडले की जुनी माणसे आत लगेच उतरत नसत. वाफ निघून जाऊ देत. कडेची बुरसलेली, वास मारणारी ज्वारी वेगळी काढत. त्यांना विषाचे नाव माहीत नव्हते, पण भय माहीत होते. आपल्याला नाव कळले आणि भय गेले.

मागणी कोणती करायची?

इथे आमचे आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांशी जमत नाही. ते उघड सांगतो.

दर जिल्हा बैठकीत ठराव येतो, "काळी ज्वारी सरकारने पूर्ण हमीभावाने खरेदी करावी." टाळ्या पडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये क्विंटल जाहीर केला. काळ्या ज्वारीलाही तोच मिळावा, असे कुणाला वाटणार नाही? आम्हालाही वाटते. पण सरकारने घेतलेली ती ज्वारी जाणार कुठे? रेशनच्या दुकानात. रेशनच्या रांगेत कोण उभे आहे? आपल्याच गावचा मजूर, आपल्याच गावची निराधार बाई, आणि कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी निम्मे आपणच. जी ज्वारी आपण हमीभावाने घालणार, तीच पिवळ्या आणि केशरी कार्डावर परत आपल्या घरी येणार. खळ्यावरचे दोन ढीग तेच राहतील. वाटणी फक्त सरकारी गोदामातून होईल.

दुसरे असे. खराब मालाला चांगल्या मालाचा भाव मागितला की चांगला माल पिकवणाऱ्याचे तोंड बंद होते. ज्याने वेळेवर कणसे काढली, वाळवली, वेगळी ठेवली, त्याला काय मिळाले? आणि शहरातली माणसे म्हणायला मोकळी होतात की शेतकरी सडका माल गळ्यात मारतो. आपल्याला भीक नको, हिशेब हवा. हिशेबाची मागणी अशी असावी, असे आम्हाला वाटते.

पहिली मागणी प्रतवारीची. "काळी आहे" हा भाव नव्हे. किती टक्के दाणा डागाळलेला, किती बुरशीने पोकळ, ओल किती, हे बाजार समितीच्या आवारात मोजून पावतीवर लिहिले पाहिजे. मोजल्याशिवाय कपात नको. कापसाला ओलाव्याचे यंत्र लागते. आठ टक्क्यांवर कपात आणि बारा टक्क्यांवर नकार, हा हिशेब निदान माहीत तरी आहे. मोंढ्यात ज्वारीला तेवढेही मोजले जात नाही. मानके बदलत नाहीत असे कुणी सांगेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीनच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली गेली. म्हणजे मनात आले तर बदलतात.

दुसरी मागणी भावातल्या फरकाची. प्रतवारीत माल खाली गेला तर बाजारात मिळालेला भाव आणि हमीभाव यांतला ठरावीक फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावा, माल रेशनकडे जाऊ नये. मध्य प्रदेशात २०१७ साली भावांतर योजना आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडले अशा तक्रारी झाल्या. तो धोका खरा आहे. म्हणून प्रतवारीची मागणी आधी आणि फरकाची नंतर. मापाशिवाय फरक दिला तर तो व्यापाऱ्याच्या घरी जाईल.

तिसरी मागणी काळ्या ज्वारीला वेगळे गिऱ्हाईक मिळवून देण्याची. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने माणसाने खाण्याजोगे न राहिलेले धान्य इथेनॉलसाठी वापरायला मुभा दिली आहे. ती खरेदी आपल्या मोंढ्यात, उघड लिलावात, सुगीच्या वेळीच झाली पाहिजे. इथेही एक खबरदारी आहे. दारू गाळून उरलेला चोथा जनावरांच्या खाद्यात जातो, आणि बुरशीचे विष त्या चोथ्यात गोळा होते. म्हणून त्याची तपासणी सक्तीची हवी. नाहीतर विष एका दाराने बाहेर काढून दुसऱ्या दाराने गोठ्यात आणल्यासारखे होईल.

चौथी मागणी विमा आणि मदतीची. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर ठरते. प्रयोगात दाणा तोलतात, बघत नाहीत. काळी ज्वारी काट्यावर थोडी हलकी भरते आणि बाजारात पार कोसळते. आपत्तीच्या मदतीलाही ३३ टक्क्यांच्या वर नुकसानीची अट आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या, जमिनी खरवडून गेल्या. ते नुकसान डोळ्यांना दिसले आणि ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण बुरशी लागलेले पीक ताठ उभे असते. पंचनाम्याला आलेला माणूस बांधावरून पाहतो आणि लिहितो, "पीक उभे." म्हणून प्रयोगाच्या वजनाबरोबर दाण्याची प्रतही नोंदवली पाहिजे आणि भरपाईत धरली पाहिजे.

आपण काय करायचे?

मागण्या मान्य होईपर्यंत सप्टेंबर थांबणार नाही. म्हणून आपल्या हातातले आपण करू.

दाणा उपटून त्याच्या बुडाशी पाहावे. काळा ठिपका दिसला म्हणजे दाणा भरून पक्का झाला. त्यानंतर झाडावर ठेवून वजन वाढत नाही, फक्त बुरशी वाढते. पावसाची चिन्हे असतील तर ताट हिरवे दिसले तरी कणसे खुडून घ्यावीत. दाण्यात तेव्हा ओल बरीच असते, म्हणून कणसांची गंजी घालू नये. छपराखाली पातळ पसरावीत, उलटीपालटी करावीत.

भिजलेले आणि न भिजलेले वेगळे ठेवावे. मिसळल्याने काळे पांढरे होत नाही, सगळेच काळ्याच्या भावाने जाते. मळून पोत्यात भरण्याआधी दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. पोती भिंतीला आणि ओल्या भुईला लावू नयेत.

घरी खायला काळ्यातली काळी ज्वारी ठेवू नये. वास येणारी, हाताला भुकटी लागणारी, पोकळ झालेली ज्वारी लेकरांना, गरवार बाईला आणि दुभत्या जनावराला अजिबात घालू नये. मजुरीत धान्य द्यायचे असेल तर जे आपण खातो तेच द्यावे. आपल्याला बाजाराने कमी तोलले म्हणून आपण आपल्यापेक्षा गरिबाला कमी तोलायचे, तर मग व्यापाऱ्याच्या मुठीबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार राहत नाही.

आता जिल्हा बैठकीला येताना एक काम करा. दोन पुड्या आणा. एका पुडीत बाजारात घातलेल्या ज्वारीची मूठ, दुसऱ्या पुडीत घरच्या कणगीतली मूठ. पुडीवर वाण, पेरणीची तारीख, कणसे काढल्याची तारीख आणि मिळालेला भाव लिहा. नाव लिहिले नाही तरी चालेल. दुसरी पुडी शक्य तर घरच्या बाईनेच बांधून द्यावी. दोन्ही ढीग बैठकीत टेबलावर ओतू. मग ठराव कोणता करायचा, त्यावर फार वाद होणार नाही.